तुटक रेघ

चरावण्याहून पहिली कदंबा पाच पन्नासला.
वाळपईला उतरायचं, फोंड्याची धरायची,
फोंड्याला पुन्हा उतरायचं,
आणि कुंडईच्या चढावर कंडक्टर मान वर न करता ओरडतो,
‘फॅक्टरी!’
तो मला नावाने ओळखत नाही, बुटांनी ओळखतो.
पुढे पोलादी टोक, दोन नंबर मोठे.
मुलींच्या मापाचे आलेच नव्हते.
हजेरीपटावर मी झोरे व्ही., एकोणतिसावी.

पहिले सहा आठवडे नुसती कानस.
मऊ लोखंडाचा तुकडा, पन्नास बाय पन्नास,
आणि माथायश मेस्त.
तो काटकोन्या लावून तुकडा खिडकीसमोर धरतो,
एक डोळा मिटतो.
फटीतून उजेड आला की तुकडा परत.
रागावत नाही. म्हणतो,
‘अजून उजवाडता गो.’
माझ्या तुकड्यात सहा आठवडे उजाडत राहिलं.
सातव्या आठवड्यात, एका गुरुवारी,
अंधार झाला.
मेस्ताने तुकडा ड्रॉवरमध्ये टाकला
आणि पुढच्या मुलाकडे वळला.

बाबा दोन सुतांचा फरक फरकच धरत नाही.
दार, खाट, कोंबड्यांचा खुराडा,
सगळं ‘बसतं बघ’ म्हणत ठोकलेलं.
खाणीच्या ट्रकवर होता तो.
आता ट्रक ताडपत्रीखाली
आणि ताडपत्री फाडून वर आलेली पपई.
मायक्रोमीटर घरी आणता येत नाही,
डोळे मात्र गेटवर जमा करता येत नाहीत.
जेवता जेवता दिसतं, भांड्यांची फळी डावीकडे उतरलीय.
मी बोलले नाही.
सगळे झोपल्यावर एक पाचर मारली.
सकाळी बाबा फळीकडे बघत चहा प्यायला,
काहीतरी बदललंय, काय ते कळेना,
अशा चेहऱ्याने.

मग ड्रॉइंग.
डावीकडून पाहिलेलं उजवीकडे काढायचं,
वरून पाहिलेलं खाली.
महिनाभर मला वाटलं, थट्टा करतायत.
जाड रेघ म्हणजे दिसणारी कड.
तुटक रेघ म्हणजे
कड आहे,
पण तू उभी आहेस तिथून दिसत नाही.

ट्रेनिंग ऑफिसच्या भिंतीवर तक्ता आहे.
दहावीहून बाण आयटीआयला,
आयटीआयहून अप्रेंटिसला,
अप्रेंटिसहून सरळ ‘नोकरी’ला. सगळे जाड, काळे.
अप्रेंटिसच्या चौकटीतून वर निघालेला एकच बाण
डिप्लोमाकडे जातो.
तुटक.
शिरवईकर सर म्हणाले, ‘त्याच्या नादी लागू नकोस.
शंभरात एखादा जातो.
आणि ते वर्ग सुटतात साडेआठला.
तुझी शेवटची बस कितीला?’
सात दहाला.
सर म्हणाले, ‘मग?’

मी तक्त्याजवळ गेले.
‘सर, हा कुठल्या बाजूने बघून काढलाय?’
त्यांना प्रश्न कळला नाही.
पंख्याने फॉर्मचा गठ्ठा फडफडला,
त्यांनी त्यावर पंच ठेवला.
दारात मेस्त उभा होता, हातात चहाचा ग्लास.
त्याने एक डोळा मिटला,
तुकडा बघताना मिटतो तसा,
आणि तक्त्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.
बोलला काहीच नाही.
उजवाडता की नाही, तेही नाही.

फॉर्म मी मागून घेतला.
बस चुकते ती चुकतेच, हे मला ठाऊक आहे,
फोंड्यात खोली कितीला मिळते तेही,
आणि स्टायपेंडमधून ती वजा केली
तर खाली काय उरतं, तेही.
बसमध्ये पिशवी मांडीवर, पिशवीत डबा,
डब्याला तेल.
तिथे कागद ठेवला असता तर डागाळला असता.
मग वाकून डावा बूट काढला,
पुढे कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा खिडकीतून नाही,
पिशवीत टाकला,
आणि फॉर्म चार घड्या करून तिथे सरकवला.
दोन नंबरांची जागा
होतीच.